उताराला मोकळी सोडलेली गाडी

आमच्या दुकानापुढच्या बाकावर बसणाऱ्यांनी आजवर एकाही नव्या गाडीला बरं म्हटलेलं नाही. दुकान स्पेअर पार्टचं, तासगावात, बेदाण्याच्या शेडांकडे जाणाऱ्या रस्त्याला. माझे पती माल आणायला सांगली-कोल्हापूरला फिरत असतात, काउंटरवर मी बसते. ब्रेक शू, क्लच प्लेट आणि ऑइल सील यांच्या वासात माझं अर्धं आयुष्य गेलं. तरी नवं गिऱ्हाईक आलं की माझ्या डोक्यावरून आत बघतं आणि विचारतं, "मालक न्हाईत का?" मी म्हणते, "मालकाला विचारून पार्ट बसणार असंल तर बसा, संध्याकाळी येत्यात." बहुतेक जण मग माझ्याकडूनच पार्ट घेऊन जातात.

बाकावर रोजचे तिघे. एक एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, ज्यांच्या मते एसटी सोडून बाकी सगळी खेळणी आहेत. एक ट्रॅक्टरवाला, जो जत्रांमधल्या शर्यतींत ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर उलटा पळवतो आणि म्हणतो, "पुढं काय, कुणीबी पळवतंय. मागं पळवून दाखवा." तिसरे बेदाण्याचे व्यापारी, चाळिशीतले, हौशी, दर काही वर्षांनी गाडी बदलणारे. या तिघांचं एकमत फक्त एका गोष्टीवर होतं, ते म्हणजे हल्लीच्या गाड्यांत दम नाही. "पत्रा बोटानं दाबला तर आत जातोय," हे ड्रायव्हरकाकांचं. "चाकं लावल्याला मोबाईल हाय नुसता," हे ट्रॅक्टरवाल्याचं. व्यापारी नवी गाडी दारात लावून बसायचे आणि तिच्यातच खोट काढायचे.

माझी या बाकाबद्दल तक्रार नव्हती. बाकावरची माणसं बोलतात तेवढा वेळ चहा पितात, आणि बोलता बोलता कुणाला तरी वायपर नाहीतर बल्ब लागतोच. पण मग अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या बाकावर येऊन बसायला लागले आणि मला तिथलं बोलणं ऐकवेनासं झालं.

अण्णा दहिवडीचे. आमच्या माण तालुक्यात पाऊस नाही, त्यामुळे पुरुष एकतर मुंबईला जातात, नाहीतर फौजेत. अण्णा कुठेच गेले नाहीत. त्यांनी वडाप चालवलं. भाड्यानं माणसं कोंबून नेणाऱ्या जीपला आमच्याकडे वडाप म्हणतात. दहिवडी ते फलटण, मधे मोगराळ्याचा घाट. जाताना उतार, येताना चढ. त्या काळातल्या जीपला ना पॉवर स्टेअरिंग, ना पॉवर ब्रेक. सगळा कारभार हाताच्या आणि पायाच्या ताकदीवर. इंजिन चालू असो की बंद, पाय जोरात दिला की ब्रेक लागायचा.

म्हणून घाटाच्या तोंडाशी आलं की सगळे वडापवाले एक गोष्ट करायचे. गियर काढायचा, चावी फिरवून इंजिन बंद करायचं आणि गाडी उताराला मोकळी सोडायची. "चढ डिझेलचा, उतार देवाचा," असं म्हणायचे. सुरुवातीला हे डिझेल वाचवण्यासाठी होतं. पुढे त्याची शर्यतच झाली. घाट संपल्यावर सपाटीला कुणाची जीप बंद अवस्थेत किती लांब जाते, यावर पैजा लागायच्या. जो वळणावर घाबरून ब्रेक दाबेल त्याचा जोर मोडायचा आणि तो लवकर थांबायचा. भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा लांब जाते हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे बाजारादिवशी दोन माणसं जास्तीची घेतली जायची, वजनाला. ती माणसं जीव मुठीत धरून बसायची आणि तिकिटाचे पैसेही द्यायची!

कुणी विहिरीपर्यंत जायचं, कुणी तिच्या पुढच्या लिंबापर्यंत. अण्णांची जीप लिंब ओलांडून पोल्ट्रीपर्यंत जायची. त्यांच्यापुढे कधी कुणी गेलं नाही. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसून अशी गेले आहे. इंजिन बंद झालं की फक्त वारा आणि टायरचा आवाज उरायचा, आणि अण्णांचा पाय ब्रेकवर असा ठेवलेला असायचा की ठेवलाय असं वाटू नये. वळणावर ब्रेक दाबायचा तर एकदम नाही, थोडा थोडा, दाब-सोड, दाब-सोड. याला ते पंप मारणं म्हणायचे. जुन्या गाडीचा ब्रेक असाच जागा होतो, हे खरंच आहे. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

जीप गेली, गुडघे गेले, वडाप बंद झालं. भाऊ फौजेत आहे. त्यानं ठरवलं की आई-अण्णांना एक चांगली गाडी घेऊन द्यायची. मग अण्णांनी गाडी निवडायला जो वेळ घेतला तेवढा माझ्यासाठी नवरा निवडायलाही घेतला नव्हता. प्रत्येक गाडीचा दरवाजा आपटून आवाज ऐकायचे. खाली वाकून बघायचे, वाकता आलं नाही की सरळ सतरंजी टाकून झोपायचे. पेट्रोल नको म्हणाले. "पेट्रोल म्हंजी घरजावई. खातंय लय, वढतंय थोडं." आईची मागणी एकच होती, तिला गुडघा न दुखता चढता आलं पाहिजे. शेवटी एक डिझेल गाडी पसंत पडली. तिला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. आई पुढच्या सीटवर बसून सगळ्या गावातून फिरून आली आणि मला फोनवर म्हणाली, "बाई, ह्या गाडीत धक्काच बसत न्हाई. जीपमदी माजी हाडं खिळखिळी केली ह्या माणसानं."

पुढच्याच वर्षी ते दोघं त्या गाडीतून फलटणला एका बारशाला निघाले होते. घाटातल्या वळणावर मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता. अण्णांना गाडी थांबवता आली नाही. दरीकडे जाण्यापेक्षा बरं म्हणून त्यांनी ती डोंगराच्या अंगाला घातली. डावी बाजू कातळावर आदळली. डावीकडे आई होती. फलटणला पोचेपर्यंत ती राहिली नाही. कळपातलं एकही मेंढरू दगावलं नाही.

मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा अण्णांच्या खुब्याचं हाड मोडलेलं होतं आणि ते येईल त्याला एकच गोष्ट सांगत होते. "ब्रेक लागलं न्हाईत. मी पंप मारला, मारला, आन पेडल दगड झालं. दोन्ही पाय दिलं, हलंना." नातेवाईक मान हलवत होते. ब्रेक फेल झाले, कंपनीचा माल खराब, आजकालच्या गाड्याच अशा. मी तिथे उभी होते आणि माझं डोकं आईकडे असायला हवं होतं, पण ते त्या एका शब्दावर अडकलं. दगड.

मी रोज ब्रेकचे पार्ट विकते. ब्रेक फेल होतो, म्हणजे पाइप फुटतो नाहीतर ऑइल जातं, तेव्हा पेडल खाली जातं, पार तळाला. दगड होत नाही. दगड होतं ते बूस्टरचा दम संपल्यावर. नव्या गाड्यांत पेडलमागे एक गोल डबा असतो, तो बूस्टर. इंजिन चालू आहे तोवर तो पायाला जोर देतो. इंजिन बंद केलं की डब्यात उरलेल्या दमावर एकदा-दोनदा ब्रेक लागतो. त्यानंतर दाबाल तर भिंत. आणि पंप मारला तर तो दम आणखी लवकर संपतो.

सगळे गेल्यावर मी अण्णांना विचारलं, "गाडी मोकळी सोडली हुती?"

"व्हय की. घाट म्हणल्यावर."

"बंद करून?"

"मग? चालू ठिवून कोण सोडतंय?"

मी इतकं साधं कसं विचारते याचं त्यांना नवल वाटलं. मी बाहेर आले आणि कठड्याला धरून उभी राहिले. मला रडू येत नव्हतं, मला राग येत होता. त्यांचा, त्या शर्यतींचा, विहीर-लिंब-पोल्ट्रीचा. आईला जिनं मारलं ती गाडी नव्हती. ती अण्णांची हुशारी होती, जिच्या गोष्टी सांगून आमचं सगळं घर मोठं झालं.

भावाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "अण्णांना सांगू नगंस. चूक गाडीची हाय, येवढ्यावर जगत्यात ते. तेवढं बी काढून घ्यायचं व्हय?" मला पटलं. अजूनही त्यातलं बरंचसं पटतं.

मी अण्णांना तासगावला घेऊन आले. काठी घेऊन चालता यायला लागल्यावर ते बाकावर बसू लागले. बाकानं त्यांना लगेच आपलं म्हटलं. घाटात वीस-वीस माणसं भरून बंद जीप उतरवणारा माणूस, त्याच्यापुढे एसटीचे ड्रायव्हरकाकासुद्धा आवाज खाली करायचे. आणि आईला नेणाऱ्या त्या गाडीवर बाकानं खटला चालवून निकालही दिला. त्या जातीची गाडी तासगावात कुणी घेईना. घेऊ पाहणाऱ्याला ट्रॅक्टरवाला अण्णांकडे बोट दाखवून सांगायचा, "ह्यांना इचार आधी." अण्णा सांगायचे. दर वेळी तेच शब्द. शेजारच्या गॅरेजचा फिटर एकदा ते ऐकत उभा होता. "पेडल दगड झालं" या शब्दाला त्यानं चमकून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तो आत गेला, आणि त्यानंतर बाकावर तो विषय निघाला की त्याला नेमकं काहीतरी काम निघायचं.

असे बरेच महिने गेले. अण्णा जेवायचे थोडं, बोलायचे त्याहून थोडं. घाटाची गोष्ट सोडून.

मग द्राक्षाचा हंगाम संपल्यावर एक दिवस व्यापारी आले. दुकानापुढे नवी गाडी लावली आणि खुशीत बाकावर बसले. म्हणाले, "अण्णा, तुमची इद्या शिकलो बरं का. परवा येताना उताराला गाडी मोकळी सोडली. बंद करून. लोण्यासारखी आली."

अण्णा सरळ होऊन बसले. आई गेल्यापासून मी त्यांचा चेहरा असा उघडलेला बघितला नव्हता. "गियर आदी काडला का चावी आदी फिरवली?"

"चावी."

"हॅत गड्या. आदी गियर. आन चावी पुरी मागं न्यायची न्हाई, स्टेअरिंग अडकंल. निम्म्यावर ठिवायची."

"आता कुंभार्ली घाट उतरायचाय," व्यापारी म्हणाले. "पोरींना समुद्र दाखवायचाय. रविवारी निघतोय. बघू कुटवर जातीया ती."

"कुंभार्ली लांब हाय," अण्णा म्हणाले, आणि हातानं हवेत वळणं काढून दाखवू लागले. कुठे पाय द्यायचा, कुठे नाही, वळण आलं की पंप कसा मारायचा.

व्यापाऱ्यांच्या दोन मुली माझ्या ओळखीच्या. धाकटी काउंटरवर चढून बेअरिंग फिरवत बसते. मी आतून ऐकत होते आणि माझ्या हातातला ऑइलचा डबा मी तीनदा चुकीच्या फळीवर ठेवला.

आधी मी अण्णांच्या अपरोक्ष सांगून बघितलं. दुसऱ्या दिवशी व्यापारी एकटे आले तेव्हा मी त्यांना म्हणाले, "भावजी, गाडी बंद करून उतरवू नका. धोक्याचं आहे." ते हसले. "वहिनी, तुमच्याच वडलांनी उभा जल्म केलंय की." मी म्हणाले, ती जीप होती. ते म्हणाले, "आन तुमच्या आईंचं म्हणत असाल, तर ते ब्रेक फेल झाल्तं. आपल्या गाडीचं ब्रेक एक लंबर हायत." अण्णांचं नाव सोडून मला त्यांना काही पटवता येईना, आणि अण्णांचं नाव घेतलं तर सगळंच सांगावं लागणार. निघायला चार दिवस होते. मी भावाला पुन्हा फोन केला नाही. तो काय म्हणेल ते मला माहीत होतं, आणि त्या पोरींना तो ओळखत नव्हता.

शनिवारी व्यापारी वायपर बदलायला आले. अण्णा बाकावर होते. मी काउंटरवरून उठले, वायपर त्यांच्या हातात दिले आणि म्हणाले, "भावजी, गाडीत बसा. इंजिन बंदच राहू द्या. ब्रेक दाबा."

"कशाला?"

"दाबा तर."

त्यांनी दाबला. पेडल मऊ गेलं. "आणखी दाबा. पंप मारल्यासारखं." दुसऱ्यांदा थोडं कमी गेलं. मग आणखी कमी. मग ते थांबले आणि त्यांनी खाली पायाकडे बघितलं. पुन्हा दाबून बघितलं. मग ते माझ्याकडे बघायला लागले.

"आयला," ते म्हणाले. "दगड झालं की."

हा शब्द त्यांनी मोठ्यानं म्हणायला नको होता. पण त्यांच्यासाठी तो शब्दच तेवढा होता, अण्णांकडून शिकलेला.

मागे काठीचा आवाज झाला. अण्णा उठले होते. "सर बाजूला," ते व्यापाऱ्यांना म्हणाले. मी पुढे झाले. "अण्णा, राहू द्या." त्यांनी मला हातानं बाजूला केलं. व्यापारी उतरले. अण्णा मोडका पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेत ड्रायव्हरच्या जागेवर बसले. अपघातानंतर ते पहिल्यांदाच स्टेअरिंगपुढे बसत होते. फिटर गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला, पण पुढे आला नाही.

अण्णांनी पाय दिला. पेडल हललं नाही. त्यांनी सगळा जोर लावला, मानेच्या शिरा दिसेपर्यंत. हललं नाही. त्या पायाला पेडल ओळखायला कुणाची मदत लागत नाही. तसाच पाय दाबून धरून त्यांनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, आणि पेडल त्यांच्या पायाखाली आपोआप मऊपणे खाली गेलं.

त्यांनी इंजिन बंद केलं. पुन्हा पंप मारला, दगड होईपर्यंत. पुन्हा चावी फिरवली. पुन्हा पेडल खाली गेलं.

"नव्या गाड्यांस्नी असंच असतंय?" त्यांनी समोर बघत विचारलं.

"व्हय, अण्णा."

"आमच्या बी?"

"तुमच्या बी."

गाडी चालूच होती. व्यापाऱ्यांना काहीतरी बोलायचं होतं, ड्रायव्हरकाकांनी त्यांचा दंड धरला.

"म्हंजी घाटात चावी फिरवली असती," अण्णा म्हणाले, "तर लागलं असतं."

खोटं बोलायची ती शेवटची जागा होती. भाऊ असता तर कदाचित बोलला असता. मी म्हणाले, "लागलं असतं."

त्यांनी मान हलवली, कुणी रस्ता सांगितल्यावर हलवतात तशी. मग आईबद्दल, त्या गाडीत शेवटी काय झालं त्याबद्दल, ते पहिल्यांदा बोलले. आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

"मेंढरं दिसायच्या आदी म्हणली हुती ती, चालू करा म्हणून. मी म्हणलो, डिझेल काय तुज्या बापाचं हाय व्हय? तवा हसली. मेंढरं दिसल्यावर परत म्हणली, आवं, चालू करा. तवा हसली न्हाई."